वाचलं ७१ जणांनी, अंगठा मात्र दोघांचा

"मॅडम, मी ग्रुपवर काही टाकलं की सगळे गप्प. दुसऱ्या कुणी नुसतं गुड मॉर्निंग टाकलं तरी अंगठ्यांची रांग लागते. मी लोकांना नकोशी झालेय का?"

हा प्रश्न कॉलेजातली मुलं विचारतात, आणि पन्नाशी-साठीतली माणसंही विचारतात. मुलं निदान उघडपणे बोलतात. मोठी माणसं झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही असं काहीबाही सांगत येतात. बराच वेळ बोलून झाल्यावर मोबाईलचा विषय निघतो आणि तो काढतानाच म्हणतात, "तसं क्षुल्लक आहे हो." मला ते क्षुल्लक वाटत नाही. आपल्या माणसांनी आपली दखल घ्यावी असं वाटणं ही काही हौस नव्हे. ती गरज आहे, आणि ती साठीनंतर कमी होत नाही. नोकरी संपलेली असते, मुलं लांब असतात, म्हणून उलट वाढते.

शैलजाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.

शैलजाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर यजमानांबरोबर पुण्यात राहायला आल्या. मुलगा-सून बंगळुरूला. त्यांचं शिक्षण कराडकडच्या एका शाळेत झालं. त्या शाळेच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप २०१६ मध्ये सुरू झाला आणि आता त्यात ९४ जण आहेत. ताई कविता करतात. बहुतेक अष्टाक्षरी, काही अभंगाच्या वळणाच्या. फॅमिली डॉक्टरांनी त्यांना झोपेसाठी माझ्याकडे पाठवलं होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाग, उशाशी फोन, पहाटे डोळा लागला की पुन्हा दचकून जाग. कविता टाकलेल्या रात्री हे जास्त होतं, हे त्यांच्याही उशिरा लक्षात आलं होतं.

पुढच्या भेटीला त्यांनी पिशवीतून एक वही काढली. शंभर पानी, साधी. पट्टीने आखलेले रकाने. डावीकडे तारीख आणि कवितेची पहिली ओळ, मग ‘वाचलं’, ‘अंगठा’, ‘बदाम’, ‘हात जोडले’, ‘लिहिलं’. अक्षर इतकं नेटकं की क्षणभर मी नुसती पाहत राहिले. एका ओळीत होतं: ‘पेरणीच्या तोंडावर, ढग गेला दूरवर’. वाचलं ७१. अंगठा २. बदाम ०. हात जोडले १. लिहिलं ०.

व्हॉट्सॲपवर आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की ‘इन्फो’मध्ये तो कुणाकुणाला पोचला आणि कुणी वाचला याची नावं दिसतात. ताई ती यादी रोज उघडत. "७१ जणांनी वाचलं, मॅडम," त्या म्हणाल्या, "आणि त्यातल्या ६८ जणांना वाटलं की हिला काही द्यायची गरज नाही."

असं कुणी म्हटलं की ‘जाऊ द्या हो, कशाला मनाला लावून घेता’ म्हणायचा मोह होतो. घरचे तेच म्हणत होते. त्याने काही होत नाही, कारण बोलणाऱ्याला तेवढंच कळतं की आपलं दुःख इथेही मोजलं गेलं नाही. आधी त्या यादीचाच खुलासा करणं मला गरजेचं वाटलं. निळी खूण उमटते ती माणसाने ग्रुप उघडला म्हणून. भाजी चिरताना कुणी ग्रुप उघडून तीस मेसेज सरकवले, तरी त्या तिसांतल्या कवितेवर ‘वाचलं’ लागतं. त्यामुळे ७१ हा आकडा फसवा आहे. पण ‘६८ जणांनी नाकारलं’ हा निष्कर्ष त्याहून चुकीचा. समूहात बहुतेक माणसं बोलत नाहीतच. जेकब निल्सन या अभ्यासकाने २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून काही करतात, आणि उरलेला एकच सतत लिहीत असतो. आकडा प्रत्येक ग्रुपला तंतोतंत लागू पडत नाही, पण ग्रुपमध्ये असलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

फेसबुकवर याचा मोजून अभ्यास झाला आहे. २०१३ मध्ये मायकेल बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ लाख २० हजार लोकांच्या नोंदी तपासल्या आणि ‘तुमची पोस्ट किती जणांनी पाहिली असेल’ हे लोकांना विचारलं. लोकांनी सांगितलेला आकडा खऱ्या आकड्याच्या जेमतेम २७ टक्के भरला. थोडक्यात, आपल्याला पाहणारी माणसं आपल्या अंदाजाच्या तिप्पट-चौपट असतात, आणि त्यातली बरीचशी मुकाट असतात. ताईंनी हे ऐकून घेतलं. मान हलवली. पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. माहितीने दुखणं हलत नाही, हे मला नवं नव्हतं.

म्हणून मी त्यांना दुसरी वही घालायला सांगितली. आठवडाभर दुसऱ्याच्या ज्या ज्या मेसेजला त्या स्वतः खूण देतील, तो मेसेज कुणाचा, खूण कोणती आणि का दिली, हे लिहायचं. ‘का’ मात्र खरं लिहायचं, शोभेसं नाही. आणि जे शेवटपर्यंत वाचलं पण कोरं सोडलं, त्याचीही नोंद करायची.

शिक्षिकेला गृहपाठ दिला की तो पूर्ण होतो. ती वही आम्ही ओळीने वाचली.

वर्गमित्राच्या नातवाचं बारसं. बदाम. कारण: त्याने माझ्या वाढदिवसाला दिला होता.

वर्गातला एक जण मोठा कंत्राटदार झाला आहे. गेल्या गेट-टुगेदरचा हॉल आणि जेवण त्याच्याकडून होतं. त्याने फॉरवर्ड केलेला आरोग्याचा मेसेज. अंगठा. कारण: सगळ्यांनी दिलाय, आपला नसेल तर दिसेल.

सुविचार. अंगठा. कारण: मी ग्रुपवर आहे हे कळावं.

भाचीच्या मुलीचा नाच. बदाम. कारण: भाची. आणि पुढे बारीक अक्षरात: व्हिडिओ पूर्ण पाहिला नाही.

एका वर्गमित्राने काढलेला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरचा संध्याकाळचा फोटो. फार आवडला, बदाम द्यावासा वाटला. हात जोडले. कारण: तो पुरुष, मी बाई, गावाकडे उगाच चर्चा नको.

ही शेवटची नोंद वाचून मला बऱ्याच जणी आठवल्या. आपल्याकडच्या शाळेच्या ग्रुपवर बायका कुणाला काय खूण देतात यावर बारीक नजर असते. बदाम कुणाला, अंगठा कुणाला, हात जोडलेले कुणाला, याचं एक न लिहिलेलं वळण बायका पाळतात. आवडलेल्या गोष्टीलाही त्या सुरक्षित खूण देतात, किंवा देतच नाहीत. ताईंच्या कविता वाचणारे निम्मे लोक पुरुष आहेत. तेही हाच विचार करत असतील, हे ताईंच्या मनात तोवर आलंच नव्हतं.

मग कोऱ्या सोडलेल्या मेसेजांचं पान आलं. त्यात चारच नोंदी होत्या. पहिलीच अशी: एका मैत्रिणीने आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल मोठं लिहिलं होतं. ‘तीनदा वाचलं. रडले. काही दिलं नाही. काय खूण देणार? अंगठा द्यायचा का?’

ताई तिथे थांबल्या. वही मांडीवर ठेवली आणि स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे पाहिलाही नाही त्या नाचाला मी बदाम दिला, आणि जिने मला रडवलं तिला काहीच नाही. ती पण वही घालत असेल तर माझ्या नावापुढे शून्य असेल."

मी काही बोलले नाही. त्यांनीच पुढे म्हटलं, "हे आहेराच्या वहीसारखं झालंय. कुणी किती घातले, आपण किती घालायचे." लग्नात आहेर मांडला जातो, नावापुढे रक्कम लिहिली जाते, आणि त्यांच्या घरच्या कार्याला ती वही काढून पाहिली जाते. त्या रकमेवरून कुणी प्रेम मोजत नाही. संबंध चालू आहे एवढंच ती सांगते. मला हे त्यांचं बोलणं फार नेमकं वाटलं. त्यांनी केलेली चूक त्यातच होती. येणंजाणं ठेवण्यासाठी दिलेल्या खुणांवरून त्या आपल्या कवितेचं मोल काढत होत्या.

ब्रोनिस्लॉ मॅलिनॉव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये अशा बोलण्याबद्दल लिहिलं होतं, ज्यात माहिती द्यायची नसते, फक्त नातं जागं ठेवायचं असतं. वाटेत भेटलेल्याला आपण ‘काय, बरंय ना?’ विचारतो, उत्तराची वाट न पाहता. ग्रुपवरचे निम्मे अंगठे याच जातीचे. गुड मॉर्निंगला अंगठा द्यायला काही लागत नाही. वाचायचं नाही, विचार करायचा नाही, मत बनवायचं नाही. कवितेला तसं चालत नाही. तिला अंगठा देताना माणूस बिचकतो, आपल्याला कळलीय का, अंगठा कमी तर नाही पडणार, असं त्याच्या मनात येतं. मग ‘नंतर सावकाश लिहू’ म्हणून पुढे जातो, आणि ते नंतर येत नाही.

कंत्राटदाराच्या मेसेजला चाळीस अंगठे का, याचंही उत्तर त्या वहीत होतंच. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. बातम्यांवर चर्चा होणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या आणि त्यातल्या काहींना, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून, लिहिल्या-लिहिल्या स्वतःच एक अनुकूल मत देऊन ठेवलं. त्या एका मतामुळे पुढच्या वाचकानेही अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि अशा प्रतिक्रियांचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्के जास्त भरले. मजकूर तोच. आधी कुणीतरी एकाने हात वर केला होता, एवढाच फरक. ग्रुपवर पहिले दोन-तीन अंगठे पटकन पडले की बाकीचे पडत जातात. ते न पडता दहा मेसेज पुढे सरकले की तुमची कविता वरच राहते, आणि वर जाऊन खूण देणारा विरळा.

आणखी एक गोष्ट मी ताईंना विचारली, कारण त्यांच्या बोलण्यात ‘पूर्वी’ हा शब्द फार यायचा. पूर्वी लोक लिहायचे. ‘वा शैलजा’, ‘डोळ्यांत पाणी आलं गं’. पूर्वी म्हणजे केव्हा? त्यांनी फोनमध्ये मागे जाऊन पाहिलं. २०१९, २०२०, २०२१. व्हॉट्सॲपवर मेसेजला खूण चिकटवायची सोय मे २०२२ मध्ये आली. तोवर दाद द्यायची तर वेगळा मेसेज करावा लागायचा. ‘छान’ एवढं तरी टाईप करावं लागायचं. सोय आली आणि त्या दोन शब्दांची जागा अंगठ्याने घेतली. शिवाय अंगठ्यांखाली आकडा दिसू लागला. ताईंना वाटत होतं, माणसं आटली. माणसं तीच होती, बोलायची पद्धत बदलली होती, आणि ती सगळ्यांशीच बदलली होती. फेसबुकने तर हे फार आधी केलं. लाईकचं बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आलं, बदाम, हसू, रडू, राग वगैरे फेब्रुवारी २०१६ मध्ये. पुढच्याच वर्षापासून काही काळ, कुणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवताना, रागाच्या चेहऱ्यासकट या नव्या खुणा कंपनी साध्या लाईकच्या पाचपट धरत होती, आणि २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं, हे नंतर बातम्यांतून बाहेर आलं. ज्या आकड्यावर आपण रात्र जागवतो तो कोण, कशासाठी आणि कसा मोजतंय हे लोकांना माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं कळूनही बोट फोनकडे जातंच, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना मेंदूच्या स्कॅनमध्ये असताना फोटो दाखवले. लाईकचे आकडे संशोधकांनीच लावलेले होते. तोच फोटो जास्त लाईक दाखवला की मुलंही त्याला लाईक देत. आणि स्वतःच्या फोटोला भरपूर लाईक दिसले की मेंदूतला, बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जास्त चेतत असे. आईवडील मुलांना ‘मोबाईलचं वेड लागलंय’ म्हणून रागावतात, तेव्हा मी त्यांना हे सांगते. मुलांचं रागावून सुटत नाही, तसं आजीचंही सुटत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. माझा अनुभव असा की ९४ जणांनी अंगठा दिला नाही म्हणून कुणाची झोप जात नाही. ती एका कुणामुळे तरी जाते. ताईंच्या पहिल्या वहीत समासात जवळजवळ प्रत्येक कवितेपुढे पेन्सिलने एक छोटा ‘कु’ होता आणि त्यावर फुली. मी विचारलं. खूप वेळ त्या पदराचं टोक चाळवत राहिल्या.

कु म्हणजे कुसुम. पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली. ताईंच्या पहिल्या कविता तिनेच ऐकलेल्या, शाळेच्या विहिरीच्या कठड्यावर बसून. लग्नानंतर ती साताऱ्यात, ताई आधी खेड्यात, मग पुण्यात. ग्रुप झाल्यावर पुन्हा भेट झाली आणि दोन-तीन वर्षं कुसुम प्रत्येक कवितेवर लिहायची. मग एकदम बंद. "आणि ‘वाचलं’च्या यादीत ती पहिल्या पाचात असते, मॅडम. रात्री एकला, दीडला. वाचते आणि काही देत नाही. मुद्दाम."

हा ‘मुद्दाम’ त्यांना वर्षभर खात होता. कारणं शोधून झाली होती. मागच्या गेट-टुगेदरला आपण दुसऱ्या टेबलावर बसलो होतो, तिच्या मुलीच्या लग्नाला जाता आलं नव्हतं, आपण कवयित्री म्हणून मिरवतोय असं तिला वाटत असेल. विचारलं मात्र नव्हतं. "मीच का फोन करायचा?" यावर मी कुठला नियम सांगितला नाही. पण तिच्या मौनाचा अर्थ त्या एकट्याच लावत बसल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या विरुद्धच लावत होत्या, एवढं मी दाखवून दिलं. फोन करायचं त्यांनी ठरवलं तेव्हा पहिलं वाक्य काय असेल यावर आम्ही नीट बोललो. कवितेचा आणि अंगठ्याचा विषय काढायचा नाही. ‘तुझी आठवण आली, कशी आहेस’ एवढंच.

कुसुमच्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रात्री त्यांना झोप नसते, म्हणून हिलाही नसते, आणि मग ती ग्रुप वाचत बसते. "वाचते गं, तुझं सगळं वाचते," ती म्हणाली. "पण अंगठा दिला की लगेच कुणीतरी विचारतं, जागी आहेस का, कशी आहेस, हे कसे आहेत. तेच मला सांगायचं नसतं." थोड्या वेळाने हेही म्हणाली, "आणि तुझ्या सगळ्याच कविता मला कळतात असं नाही हं. ती विठ्ठलाची कळली."

खूण देणं म्हणजे ‘मी इथे आहे’ असं चारचौघांत सांगणं, आणि काही माणसांना नेमकं तेच नको असतं. आजारपण, कर्ज, घरातलं भांडण, मुलाची गेलेली नोकरी. अशा काळात माणसं ग्रुप सोडत नाहीत, वाचतात, फक्त दिसत नाहीत. तुमच्याही ग्रुपमध्ये अशी दोन-चार माणसं आत्ता असतील.

ताईंना हे ऐकून अपराधी वाटायला लागलं, आणि ते नैराश्याच्या दिशेने जाऊ नये म्हणून आम्हाला काही भेटी द्याव्या लागल्या. कुसुमचं दुसरं वाक्यही मी त्यांना विसरू दिलं नाही. काही मौनं खरोखरच ‘आवडलं नाही’ किंवा ‘कळलं नाही’ अशी असतात. तेही चालतं. दहावीची बॅच एका वर्षी एका वर्गात बसली म्हणून एकत्र आहे. कवितेची जाण हा तिथे प्रवेशाचा निकष नव्हता. कवितेवर बोलणारी माणसं हवी असतील तर ती वेगळीकडे शोधावी लागतात. ताईंच्या घराजवळच्या वाचनालयात महिन्यातून एकदा काव्यवाचन होतं. तिथे त्या जायला लागल्या. पहिल्याच वेळी एका गृहस्थांनी त्यांच्या एका ओळीत एक अक्षर जास्त होतं हे दाखवलं, आणि त्या ते मला सांगताना आनंदात होत्या.

व्यवहारातले उपाय साधे होते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये खुणांच्या सूचना बंद करता येतात, त्या केल्या. फोन रात्री बाहेरच्या खोलीत. कविता टाकायची ती सकाळी, म्हणजे वाट पाहणं झोपेच्या वेळेवर येत नाही. जे वाचून खरंच काही हललं, त्या माणसाला अंगठा न देता दोन ओळी लिहायच्या किंवा फोन करायचा. त्या आईबद्दल लिहिणाऱ्या मैत्रिणीला ताईंनी फोन केला. घरात किशोरवयीन मुलं असतील तर इन्स्टाग्रामवर लाईकचा आकडा लपवता येतो, ही सोय २०२१ पासून सगळ्यांना आहे, ती मुलांशी बोलून वापरून पाहावी, परस्पर नाही. आणि झोप, जेवण, अभ्यास यांवर दोन आठवड्यांहून जास्त परिणाम दिसत असेल, किंवा ‘माझं असणं-नसणं सारखंच’ अशी भाषा कुणी करत असेल, तर तो विषय मोबाईलचा राहिलेला नाही. तेव्हा थांबू नये. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

शैलजाताईंची झोप आता बरीच सुधारली आहे. कुसुमशी आठवड्यातून एकदा बोलणं होतं, बहुतेक डायलिसिसच्या वेळेत, आणि त्यात कवितेचा विषय क्वचित निघतो. मध्यंतरी त्यांनी बॅचच्या ग्रुपवर पावसाची एक कविता टाकली आणि तासाभरात ‘इन्फो’ उघडून यादी पाहिली. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. वहीत मात्र लिहिलं नाही म्हणाल्या. यादी पाहिल्याशिवाय राहवत नाही ते का, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.